चार अस्वलं आणि ४१ किलो गोड माल : न्यू हॅम्पशायरमधलं २०१४ चं प्रकरण

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, शिकारीसाठी मांडलेल्या आमिषाशेजारी चार काळी अस्वलं मरून पडलेली सापडली. दोन वाढलेल्या माद्या आणि दोन पिल्लं. कुणी गोळी झाडलेली नव्हती. जागेवर चॉकलेट आणि डोनट मिळून ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो माल टाकलेला होता. शवविच्छेदन आणि विषतपासणीतून कारण निघालं ते थिओब्रोमिन. कोकोत मुळातच असणाऱ्या या द्रव्याने हृदयं बंद पडली होती. आमिष मांडणाऱ्याने नियम मोडला नव्हता. त्या वेळी तिथे आमिषात चॉकलेट घालायला मनाई नव्हती, आणि बेकरीचा किंवा मिठाईच्या कारखान्याचा टाकाऊ गोड माल अस्वलांसाठी वापरणं ही त्या भागातली सर्रास रीत होती.

कुणी मुद्दाम विष घातलं असतं तर हे प्रकरण पोलिसांचं झालं असतं. इथे मात्र नेहमीच्या पद्धतीनेच घात केला, म्हणून ती पद्धत उलगडून बघायला हवी.

आमिषाच्या जागेला दोन कामं असतात. लांबच्या अस्वलाला वासाने बोलावणं हे पहिलं. आलेल्या अस्वलाला काही मिनिटं तिथे खिळवून ठेवणं हे दुसरं, म्हणजे शिकाऱ्याला नीट पारखता येतं: नर की मादी, एकटं आहे की मागे पिल्लं आहेत. पहिल्या कामाला वास लागतो, दुसऱ्याला थोडासा खाऊ. स्वस्त चॉकलेट दोन्ही कामं एकदम करतं असा समज आहे. मग वासाला कमी पडू नये म्हणून माल वाढवला जातो, आणि वाढवलेला सगळा माल अस्वलाच्या पोटात जातो. या प्रकरणाची गोम तिथे आहे.

शरदात सुटलेली खा खा

ऑगस्टच्या उत्तरार्धापासून गुहेत शिरेपर्यंत काळ्या अस्वलाला खरोखरच खा खा सुटते. दिवसाचे जवळपास वीस तास खाण्यात जातात आणि १५ ते २० हजार किलोकॅलरी पोटात जातात. सहा महिन्यांच्या उपासाची चरबी याच काळात साठवायची असते. माद्यांचं गणित आणखी कडक असतं. पोटातला गर्भ शरद संपेपर्यंत रुजतच नाही, आणि तोवर पुरेशी चरबी साठली नाही तर पिल्लं होत नाहीत.

उत्तर न्यू इंग्लंडच्या, म्हणजे न्यू हॅम्पशायर आणि शेजारच्या राज्यांच्या, जंगलात ही भूक भागवतात ती बीच आणि ओक या झाडांची फळं. ओकच्या १०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे ३९० किलोकॅलरी असतात, पण ती एकेक वेचावी लागतात, टरफलं फोडावी लागतात. डोनटमध्ये १०० ग्रॅमला सव्वाचारशेच्या आसपास, दुधाच्या चॉकलेटमध्ये ५३५, आणि तेही ढिगाने, एका जागी. सरासरी ४५० धरली तर ४१ किलोत सुमारे १ लाख ८५ हजार किलोकॅलरी होतात. एका वाढलेल्या अस्वलाची नऊ दिवसांची बेगमी एका ढिगाऱ्यात पडलेली होती. इतकं घबाड सापडल्यावर शरदातली मादी पिल्लांना घेऊन तिथेच मुक्काम ठोकणार, यात नवल ते काय!

विषाचा हिशेब

कुठलं चॉकलेट आहे यावर सगळं ठरतं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नगण्य असतं. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५, केक-बिस्किटांत घालायच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १४ ते १६, आणि कोको पावडरमध्ये २६ च्या घरात. कारखान्याच्या टाकाऊ मालात हे सगळं एकत्र येतं. पोत्यावर 'चॉकलेट' एवढंच लिहिलेलं असतं.

किती झेपतं याचा अंदाज कुत्र्यांवरून बांधतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम गेलं की अस्वस्थपणा आणि उलट्या, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येतात. १०० ते २०० च्या दरम्यान निम्मे कुत्रे मरतात.

आता हे आकडे अस्वलांना लावून बघू. सप्टेंबरातलं पिल्लू २० किलोचं धरलं, तर १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याला २,००० मिलिग्रॅम पुरे होतं. म्हणजे दुधाचं चॉकलेट एक किलो, गडद ४०० ग्रॅम, बिनसाखरेचं दीडशे ग्रॅमच्या आत आणि कोको पावडर ७५-८० ग्रॅम, मूठभर. ८० किलोच्या मादीसाठी या आकड्यांना चारने गुणा: दुधाचं चॉकलेट चार किलो. माणसाला चार किलो अशक्य वाटतं. शरदातल्या अस्वलाला ते एका रात्रीचं खाणं आहे.

एकूण ढिगाऱ्याचाही हिशेब मांडता येतो. ४१ किलोपैकी निम्मं, म्हणजे २० किलो, चॉकलेट होतं असं गृहीत धरू. ते सगळं दुधाचं असेल तर ४०,००० मिलिग्रॅम थिओब्रोमिन. ८० किलोच्या दोन माद्या आणि २० किलोची दोन पिल्लं मिळून २०० किलो वजन. वाटणी सारखी झाली तरी दर किलोला २०० मिलिग्रॅम येतात. गडद असेल तर ५००. वजनं आणि वाटणी ही आमची गृहीतं आहेत, पण ती बरीच इकडेतिकडे केली तरी निष्कर्ष हलत नाही. शिवाय चॉकलेटमधलं कॅफीन यात मोजलेलंच नाही.

अस्वलं मध्येच थांबली का नाहीत? थिओब्रोमिन कडू असतं, पण साखर आणि चरबी तो कडवटपणा झाकून टाकतात. दुसरं म्हणजे त्रास लगेच जाणवत नाही. कुत्र्यांत लक्षणं दिसायला सहा ते बारा तास लागतात, म्हणजे पोट बिघडण्याआधी जेवण उरकलेलं असतं. तिसरं कारण सगळ्यांत घातक. कुत्र्याच्या शरीरातलं निम्मं थिओब्रोमिन जायला साडेसतरा तास लागतात. त्या दराने आज १०० भाग खाल्ले तर उद्या त्याच वेळी सुमारे ३९ शिल्लक असतात, आणि त्यावर नवे १०० येऊन पडतात. रोज त्याच ढिगाऱ्यावर येणाऱ्या जनावराचा साठा असा चढत जातो. दिवाळीला आलेला चॉकलेटचा डबा कुत्र्याच्या आवाक्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या घरांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

'आम्ही वर्षानुवर्षं चॉकलेट टाकतो, एकही अस्वल मेलं नाही' हा युक्तिवाद शिकाऱ्यांकडून हमखास येतो. त्यात एक खोट आहे. १५० किलोचा नर तेवढंच खाऊन निघून जातो आणि तगतो. वीस किलोच्या पिल्लाला तेच खाणं साडेसातपट जड जातं. आणि जे अस्वल तासाभराच्या वाटेवर जाऊन झुडपात कोसळतं, ते कुणाला दिसणार? इथे चारही जणं आमिषाजवळच पडली, म्हणून हिशेब उघडा पडला.

वासाचं काम वासानेच

याच जागेवर मांडणी कशी असायला हवी होती? आमचं मत सरळ आहे: बोलावण्यासाठी जे वापराल ते अस्वलाला खाता येऊ नये. वास वर टांगलेला, हाती न लागणारा. खाऊ खाली, मोजका आणि कोको नसलेला.

अस्वलाचं नाक किती मैलांवरून वास घेतं याचे मोठमोठे आकडे छापले जातात. जागा मांडताना त्यांचा उपयोग शून्य. वास वारा नेईल तिथेच पोचतो. सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. शरदात शिकाऱ्याची दबा धरून बसायची बैठक बहुतेक संध्याकाळची असते, म्हणून वास उताराच्या मध्यावर टांगावा, म्हणजे तो खालच्या ओढ्याकडे, दाट झाडीत दिवसभर पडून राहिलेल्या अस्वलांकडे उतरतो. अगदी घळीच्या तळाशी टांगला तर तिथेच कोंडून बसतो. अस्वल बहुधा वाऱ्याखालून वळसा घेऊन येतं, तेव्हा माणसाची बैठक त्या वळशाच्या वाटेवर नको.

सगळ्यांत चालणारा वास बडीशेपेच्या जातीचा. विलायती बडीशेपेच्या तेलात मुख्य द्रव्य असतं ॲनेथोल, तेच जे आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलात असतं. यात एक अडचण लपलेली आहे. शुद्ध ॲनेथोल २१ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. उत्तर न्यू हॅम्पशायरमध्ये सप्टेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो, आणि फडक्यावर ओतलेलं नुसतं तेल पांढरं होऊन घट्ट बसतं. वास मंदावतो, शिकाऱ्याला वाटतं तेल भेसळीचं, आणि तो आणखी ओततो किंवा खाली आणखी माल टाकतो. उपाय सोपा आहे. अर्धा लिटर वापरलेल्या वनस्पती तेलात १५ मिलिलिटर बडीशेप तेल मिसळावं. इतकं पातळ केल्यावर ते गोठत नाही, आणि पावसाने लगेच धुऊनही जात नाही.

चेरी किंवा बदामाचा वास म्हणून जे विकतात त्यात बेंझाल्डिहाइड असतं. पहिल्या दिवशी भन्नाट, नंतर बसत जातं, कारण हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि त्याला जवळजवळ वास नाही. ते वापरायचं तर बाटली काठोकाठ भरलेली ठेवावी आणि दर दोन-तीन दिवसांनी फडकं बदलावं. व्हॅनिला लांब पोचत नाही. इसेन्समधलं अल्कोहोल उडून जातं, मागे राहिलेलं व्हॅनिलिन जड असतं. ते खाऊवर शिंपडायला ठीक, हाक मारायला नाही.

मांडणी अशी: सुती फडक्याच्या दोन-तीन पट्ट्या मिश्रणात बुडवून निथळायच्या आणि बाजूंना भोकं पाडलेल्या टिनच्या डब्यात भरायच्या. झाकण ठेवायचं, ते पावसाला छप्पर होतं. दोन झाडांमध्ये दोर ताणून डबा मधोमध, जमिनीपासून साडेतीन ते चार मीटरवर आणि दोन्ही खोडांपासून किमान दीड मीटर दूर टांगायचा. खोडालगत टांगला तर पहिल्याच रात्री एखादं पिल्लू चढून तो खाली आणतं. काळी अस्वलं झाडावर चढण्यात वस्ताद, हे विसरून चालत नाही.

जाळलेला मध हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय. पाव लिटर मध रिकाम्या टिनमध्ये घालून लहान गॅसच्या शेगडीवर करपेपर्यंत तापवतात. आधी तो फुगतो, मग काळा पडून दाट धूर सुटतो, आणि धुरातले चिकट कण आजूबाजूच्या पानांवर बसतात. पाव लिटर मधात वासाचं ते काम होतं ज्यासाठी पोतंभर चॉकलेट ओतलं जातं. फक्त फुगणारा मध उतू जाऊन भडकतो, म्हणून डबा एक-तृतीयांशाच्या वर भरू नये. भोवतालचा मीटरभर पालापाचोळा साफ करून पाण्याचा डबा शेजारी ठेवावा. कोरडा वारा सुटला असेल तर हा प्रयोग त्या दिवशी नकोच.

तळणीचं जुनं तेल जमिनीवर शिंपडतात त्यामागेही विचार आहे. ते पंजांना लागतं, अस्वल परत जाताना वाटेवर वास पसरवत जातं आणि दुसरी अस्वलं त्या मागावरून येतात. एक-दोन लिटर पुरे. बादलीभर ओतलं तर माती शोषून घेते, अस्वल तीच माती उकरून खात बसतं, आणि पुढची कटकट साफसफाईच्या वेळी येते.

आता खाऊ. २०० लिटरचं पिंप साखळीने झाडाला बांधतात, बाजूला भोक ठेवतात, म्हणजे अस्वलाला थोडं थोडं ओढून काढावं लागतं. भोकाची कड दुमडून गुळगुळीत हवी, आणि आकार असा हवा की पंजा जाईल पण पिल्लाचं डोकं आत अडकणार नाही. आत मक्याच्या लाह्या, शिळा साधा पाव, ओट्स. एका वेळी पाच-सात किलोच्या वर नको. ४१ किलो एकदम ओतण्यामागे बहुधा एकच कारण असतं: रोज जंगलात जायचा कंटाळा. पण वारंवार थोडं भरल्याचा आणखी एक फायदा होतो. किती संपलं, कोण आलं, पिल्लांचे पंजे उमटले का, हे दर फेरीला कळतं. पिल्लांचे माग दिसले की ती जागा बंद करून दुसरीकडे जाणं हा शहाणपणा.

बेकरीचा माल घेताना पोतं ताडपत्रीवर पालथं करून निवडावं. कोकोचं आयसिंग, चॉकलेटचे तुकडे असलेली बिस्किटं, तपकिरी भुकटीचं पाकीट, सगळं बाहेर. प्लास्टिकची वेष्टनं तर आधी, कारण अस्वल ती सोलत नाही, गिळतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला 'शुगर-फ्री' मालही नको. कुत्र्यांना तो चॉकलेटपेक्षा कमी मात्रेत घातक ठरतो, अस्वलावर परीक्षा कशाला?

एवढं करूनही अस्वल फिरकत नाही असं होतं. बहुतेक वेळा दोष वासाचा नसतो. बीच आणि ओक लगडलेल्या वर्षी अस्वलं डोंगरधारेवर झाडांखालीच राहतात, पिंपाकडे ढुंकून बघत नाहीत. अशा वेळी माल वाढवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जागाच उचलून ओकच्या धारेखाली न्यावी लागते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाच वास एकत्र करणं. मग कुठला चालला आणि कुठला नाही हे कळायला मार्गच उरत नाही. एक वास, किमान पाच दिवस, मग बदल.

नियम

या घटनेनंतर न्यू हॅम्पशायरने अस्वलाच्या आमिषात चॉकलेट आणि कोकोपासून बनलेल्या पदार्थांना मनाई केली. मिशिगनमध्येही अशी मनाई आहे. शेजारच्या व्हर्मांट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये अस्वलासाठी आमिष मांडणंच बेकायदा आहे. पलीकडच्या मेन राज्यात मात्र ते चालतं. तिथे आमिष, शिकारी कुत्रे आणि सापळे तिन्ही बंद करावेत का यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, सार्वमत झालं आणि बंदीचा प्रस्ताव पडला. मेनमध्ये हंगामाच्या ३० दिवस आधीपासून आमिष मांडता येतं. गाडी जाईल अशा रस्त्यापासून ते ५० यार्ड दूर हवं, कचरा डेपो आणि तंबूतळापासून ५०० यार्ड, आणि मांडणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेली २ बाय ४ इंचांची पाटी तिथे दिसली पाहिजे.

आमची यात एक तक्रार आहे. हे नियम कुठे मांडायचं ते सांगतात, किती मांडायचं त्यावर फारसं बोलत नाहीत. चॉकलेट वगळलं तरी ४१ किलोचा ढिगारा हा ढिगाराच राहतो, आणि पिल्लं असलेली मादी त्यावर मुक्काम करतेच.

भारतात हा प्रश्नच येत नाही. मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूर भागांतलं आपलं अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार गुन्हा आहे. मात्र न्यू हॅम्पशायरमध्ये घर असलेल्या मराठी कुटुंबांनी हौसेने अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेलं दाण्याचं भांडं हेही नकळत मांडलेलं आमिषच. तिथलं वन्यजीव खातं ते फक्त १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात, अस्वलं झोपलेली असताना, टांगायला सांगतं.

जागा उचलताना

मेनमध्ये १० नोव्हेंबरपर्यंत आमिषाची जागा साफ करावी लागते. तारीख गाठण्यासाठी लोक पिंप उचलतात, पाटी काढतात आणि निघतात. एवढ्याने जागा बंद होत नाही. दोर आणि डबा उतरवून घरी न्यावा, फडकी बंद पिशवीत भरावी. पिंपाखालची तेल मुरलेली माती दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल खणून पोत्यात भरून न्यावी आणि खड्डा शेजारच्या कोरड्या मातीने बुजवावा. उरलेला खाऊ जंगलात पसरून टाकू नये, वजन करून परत आणावा आणि किती गेला ते वहीत लिहावं. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिल्या खेपेला किती भरायचं ते त्या आकड्यावरून ठरतं.